इग्निशन लॉक गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

पन्नासच्या दशकातली मॉरिस मायनर घ्या. चावी घालताना अडते, जरा खालीवर केली की फिरते, आणि इंजिन चालू असताना चक्क हातात येते. बघणारा सांगतो, ‘लॉक गेलं, नवीन टाका.’ एवढ्या घाईने हा सल्ला ऐकू नये.

कारण आपण सरसकट ‘लॉक’ म्हणतो त्या तीन वस्तू आहेत: चावी, चावीबरोबर फिरणारा बॅरल आणि त्याच्या मागचा, तारा जोडलेला विजेचा स्विच. चावी सुरळीत फिरते, पण ती नुसती हलवली तरी इंजिन चुकतं, असं असेल तर आधी संशय घ्यायचा तो स्विचच्या आतल्या कॉन्टॅक्टवर आणि तारांच्या जोडांवर. तिथे बॅरल बदलून काही साधत नाही.

चावी आत जातानाच अडते तेव्हा मात्र बॅरलकडे बघावं. त्यात पातळ पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीला मधे चौकोनी खिडकी आणि बाजूला बारीक स्प्रिंग. योग्य चावीचे दाते सगळ्या पत्त्या बॅरलच्या कडेशी समपातळीत आणतात. दाते झिजले की एखादी पत्ती किंचित बाहेर राहते आणि बाहेरच्या घराच्या खाचेत अडकते. दोष पुष्कळदा चावीचाच असतो, शिक्षा मात्र लॉकला होते.

म्हणून ‘डुप्लिकेट काढा, काम होईल’ हाही गैरसमजच. झिजलेल्या चावीवरून काढलेली नवी चावी ती झीजही जशीच्या तशी उचलते. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांच्या बॅरलच्या तोंडावर चावीचा नंबर कोरलेला असतो. त्या नंबरावरून मूळ मापाची चावी कापून घ्यावी आणि आधी ती लावून बघावी. याच नंबरांमुळे ‘जुनी कुलपं पक्की’ हा समजही गळून पडतो. एकेका नंबर-मालिकेत चावीचे नमुने मोजकेच असत. बॅरल झिजलेला असेल तर परकी चावी चालण्याची शक्यता आणखी वाढते. चोरीची खरी काळजी असेल तर बॅटरीला लपवलेला कट-ऑफ स्विच बसवा.

तेलाचंही तसंच. घट्ट तेल किंवा ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि पत्त्या चिकटतात. कोरडी ग्रॅफाइट पूड चांगली, पण चिमूटभरच. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे ती मागच्या स्विचमध्ये उडवू नका.

बॅरल काढायला ड्रिल लागतंच असं नाही. ल्युकस कंपनीच्या अनेक जुन्या स्विचच्या अंगाला बारीक भोक असतं. चावी योग्य जागी फिरवून त्या भोकातून पातळ तारेने आतली पिन दाबली की बॅरल सरळ बाहेर सरकतो. त्याआधी तारांवर खुणा करा आणि बॅटरी सोडवा. ‘आधी निगेटिव्ह काढायचं’ हे पाठ झालेलं वाक्य इथे फसवतं. आधी सोडवायची ती बॉडीला जोडलेली अर्थची बाजू, आणि या मायनरमध्ये ती पॉझिटिव्ह असते.

नवा स्विच घेताना हेही बघा की जुन्या मायनरमध्ये स्टार्टरसाठी ओढायचा वेगळा नॉब आहे. चावीने स्टार्ट होणारा स्विच तिथे बसवला तर त्याची स्टार्टची जागा रिकामीच राहील.

लॉक बदललं की गाडीचा ‘व्हिंटेज’ दर्जा जातो, ही भीतीही निराधार. आपल्याकडच्या 2021 च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्यात मोठे फेरबदल नसावेत अशी अट आहे. हे फेरबदल म्हणजे चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमधले.

तरी जुना बॅरल फेकू नका. बऱ्याच गाड्यांत दरवाजा आणि इग्निशन एकाच चावीवर चालतात आणि नवं लॉक आलं की खिशात दोन चाव्या येतात. हातात कसब असलेला चावीवाला नव्या बॅरलच्या पत्त्या बदलून तो जुन्या नंबराला जुळवून देतो.