मेंदूतील रसायने, रक्तदाब आणि श्वसन

तुम्ही आडवे असताना एकदम उभे राहिलात, तर सुमारे अर्धा लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरते. तरीही सहसा भोवळ येत नाही, कारण काही सेकंदांतच रक्तदाब सावरला जातो. हे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून होते.

रक्तदाबाचे नियंत्रण
मानेतील कॅरोटिड धमनी आणि महाधमनीची कमान यांच्या भित्तींत दाबग्राही असतात. दाब वाढला की त्यांचे संदेश वाढतात आणि लंबमज्जेत ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन स्रवते. त्यामुळे उत्तेजित झालेल्या चेतापेशी पुढच्या पेशींना उत्तेजित करतात. त्या मात्र गाबा हे अवरोधक रसायन सोडतात. गाबामुळे रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या पेशी शांत होतात, चेतांच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन कमी स्रवते आणि वाहिन्या रुंदावतात. त्याच वेळी व्हेगस चेतेतून ॲसिटिलकोलीन स्रवून हृदयाचे ठोके मंदावतात. उभे राहताना याच्या नेमके उलट घडते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा: साखळीची सुरुवात उत्तेजक रसायनाने झाली, पण शेवटी दाब उतरला. म्हणजे परिणाम केवळ रसायनावर नव्हे, तर ते कोणत्या पेशीच्या कोणत्या ग्राहीवर काम करते यावर अवलंबून असतो.

श्वसनाचे नियंत्रण
श्वासाची लयही लंबमज्जेतच तयार होते. तेथील प्री-बॉट्झिंगर संकुल हा पेशीसमूह या लयीचा उगम असल्याचे १९९१ मध्ये दाखवण्यात आले. त्यातील पेशी ग्लुटामेटच्या साहाय्याने एकमेकींना चेतवतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ही लय जोर धरते; त्या कामी सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशींचीही मदत होते.

याच पेशींवर अफूवर्गीय औषधांचे ग्राही असतात. म्हणून वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची मात्रा जास्त झाली, तर श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो. अशा मृत्यूंचे हेच मुख्य कारण. नॅलोक्सोन हे औषध मॉर्फिनला ग्राहींवरून हटवते. ते वेळेवर दिल्यास श्वास पुन्हा सुरू होतो. मात्र त्याचा प्रभाव लवकर ओसरत असल्याने रुग्णावर लक्ष ठेवावेच लागते.

विचार करा: दाबग्राहींकडून येणाऱ्या चेता तोडल्या, तर लगेच रक्तदाब वाढेल की कमी होईल? वरील साखळीत गाबाचे काय होईल, यावरून उत्तर शोधा.