बाग परकी नव्हे, 'भागा'ची बहीण!

बंगळूरमध्ये राहून मुलांचे मराठी टिकवायचे म्हणजे रोजची कसरत. शाळेत इंग्रजी, मैदानावर कन्नड आणि मराठी फक्त जेवणाच्या टेबलापुरते. म्हणून आमचे मामंजी दर रविवारी नातीकडून एक मराठी निबंध लिहून घेतात. एकदा विषय होता लालबागची सहल. "आम्ही सकाळी बागेत गेलो" या पहिल्याच वाक्यातल्या 'बागे'खाली त्यांनी तांबडी रेघ ओढली. म्हणाले, "बाग हा फारसी शब्द. आपला शब्द उद्यान."

नातीने विचारले, "मग लालबागला लालउद्यान म्हणू का, आजोबा?"

आम्ही हसलो, पण प्रश्न मनात राहिला. असे शब्द निवडून काढायचे ठरवले, तर मुलांच्या हाती किती मराठी उरेल? आणि बाग खरोखरच परकी आहे का? मी शोधायला बसले.

दरबाराच्या वाटेने

मामंजींचे अर्धे म्हणणे खरे होते. 'बाग' आपल्याकडे फारसीतून आली. बंगळूरचे लालबाग हैदरअलीने १७६० मध्ये वसवायला घेतले. टिपू सुलतानाने देशोदेशीची रोपे आणून ते वाढवले. त्यांच्या दरबारात फारसी चालत असे, त्यामुळे नावही तसेच पडले.

पण फारसीची आणि मराठीची गाठ या शहरात त्याआधीच पडली होती. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. 'जहागीर' हा शब्दही फारसीच : 'जा' म्हणजे जागा आणि 'गीर' म्हणजे धरणारा. कारभाराची भाषा अशा शब्दांनी इतकी भरली होती की, पुढे शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. या रघुनाथपंतांचे वडील नारोपंत शहाजीराजांच्याच पदरी कर्नाटकात कारभारी होते!

पर्याय आले, तरी घरगुती शब्द हलले नाहीत. आजही पालिकेच्या पाटीवर 'उद्यान' लिहिलेले असते आणि मुले मात्र "बागेत जाऊ या" असाच हट्ट धरतात.

'भ'चा झाला 'ब'

आता उरलेले अर्धे. फारसी आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा. आपला 'भ' इराणकडे 'ब' होतो. संस्कृत 'भ्राता', फारसी 'बिरादर'. संस्कृत 'भूमी', फारसी 'बूम'. याच नियमाने फारसी 'बाग' शब्दाचे आपले भावंड कोणते? 'भाग'!

पारशी बांधवांच्या अवेस्तातील प्राचीन गाथांत 'बाग' हा शब्द 'वाटा' या अर्थाने येतो. वाटा, मग वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा आणि मग त्या तुकड्यावर फुलवलेली झाडे, असा हा अर्थाचा प्रवास. चारबाग पद्धतीच्या बागेत तर ही वाटणी डोळ्यांना दिसते. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याभोवती वाटांनी आणि पाण्याच्या पाटांनी जमिनीचे चार भाग केलेले आहेत.

संस्कृतमध्ये 'भज्' या धातूचा एक अर्थ वाटून देणे. त्यातून भाग आला, विभाग आला, वाट्याला येते ते भाग्य आले. वाटून देणारा वैदिक देव 'भग', त्यावरून भगवान. इतकेच काय, 'भक्त' म्हणजे वाटून दिलेले अन्न, त्याचाच पुढे झाला आपल्या ताटातला भात! इराणकडे 'बग' म्हणजे देव. म्हणूनच बगदाद या नावात पुष्कळांना बाग दिसत असली, तरी बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ 'देवाने दिलेले' असा लावतात.

शेजाऱ्यांच्या अंगणात

शब्दही रोपासारखे असतात. जिथे लावाल तिथल्या मातीचे होतात. तुर्की भाषेत हाच शब्द द्राक्षमळ्यासाठी वापरतात. नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांना त्याचे नवल वाटणार नाही. फारसीत लहान बाग ती 'बागचा'. तिचा आपल्याकडे बगीचा झाला, तुर्कस्तानात 'बाहचे' आणि तिथून पार सर्बियात जाऊन 'बाश्ता'. जॉर्जिया, अझरबैजान, उझबेकिस्तान या देशांत तर लहान मुलांच्या शाळेच्या नावातही हाच शब्द आहे. आपली बालवाडी तरी काय वेगळी? कोकणात नारळी-पोफळीची असते, तीही वाडीच!

मराठीने तर बागेचे घरच बदलले. हिंदीत 'बाग' पुल्लिंगी, आपल्याकडे ती स्त्रीलिंगी. पाणी मिळते ती जमीन बागाईत, पावसावर पिकते ती जिराईत. फळे विकणारा बागवान. आणि घरामागच्या परसात भाजी लावली की परसबाग. 'परस'ला 'बाग' जोडताना कोणत्या आजीने तिचे गोत्र विचारले असेल?

वाटा कुणाचा?

लालबागच्या दारापाशी कन्नडमध्ये 'तोटगारिके इलाखे' असे लिहिलेले दिसते. तोट म्हणजे बाग, इलाखे म्हणजे सरकारी खाते. आमच्याकडे येणारे पाहुणे "बागेत कसला तोटा?" म्हणून थट्टा करतात. पण 'इलाखे' ऐकून त्यांना मुंबई इलाखा आठवतोच. मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने दोन्ही घरी पोचला. तिकडे त्याचे खाते झाले, इकडे प्रांत.

ज्या बागेत एके काळी राजाची मर्जी चालत होती, ती १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झाली. आज तिचे २४० एकर सर्वांसाठी आहेत. जानेवारी आणि ऑगस्टमध्ये काचघरातले पुष्पप्रदर्शन पाहायला सारे शहर लोटते. केंपेगौडाच्या बुरुजाखालच्या खडकावर शाळेची मुले डबे उघडतात. ज्या शहरात घराघराच्या वाट्याची माती आता गॅलरीतल्या चार कुंड्यांवर आली आहे, तिथे ही बागच प्रत्येकाचा 'भाग' आहे. शब्द फिरून आपल्या मूळ अर्थापाशी आला, असेच म्हणायला हवे.

हे सारे मी मामंजींना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे घरच्याच मुलीला मी पाहुणी समजत होतो." पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच विषय दिला : 'आमची परसबाग'.

चार कुंड्यांवर नातीने दीड पान लिहिले. कढीपत्त्याचे रोप शेजारच्या कन्नड आजींनी दिले, त्या आमच्या कुंड्यांना 'कैतोट' म्हणतात, म्हणजे हाताशी असलेली बाग, असेही त्यात होते. मामंजींनी वही तपासली. तांबड्या रेघा होत्याच, पण फक्त ऱ्हस्व-दीर्घाखाली!