चेहरा येतो कुठून? निकोल ल दुआरँ, कोंबडी आणि बटेर

लोकलच्या गर्दीत कानात इअरफोन घालायलाही हात मोकळा नसतो, म्हणून बरेच जण एपिसोड ऐकण्याऐवजी इथे येऊन वाचतात. तर हा घ्या या वेळचा एपिसोड, थोडा आवरून लिहिलेला.

विषय आहे चेहरा. पण सुरुवात ग्रहणापासून करू. घरात कुणी गरोदर असेल तर हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल: "ग्रहणात विळीला हात लावू नकोस, बाळाचा ओठ फाटेल." साधारण हजारात एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मतं. आणि मग घरात चौकशी सुरू होते, हिनं त्या दिवशी काय चिरलं होतं? सगळा दोष आईच्या माथी.

खरं म्हणजे हा ओठ फाटतच नाही. तो जुळायचा राहून जातो. आपला चेहरा वेगवेगळ्या उंचवट्यांतून तयार होतो. ते वाढतात, एकमेकांकडे सरकतात आणि सांधले जातात. वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो, टाळू बाराव्याच्या आसपास. म्हणजे पाचव्या महिन्यातल्या ग्रहणात चिरलेल्या कांद्यानं, आधीच जुळून झालेला ओठ उसवणार तरी कसा?

पण या उंचवट्यांत भरलेल्या पेशी येतात कुठून? हे ज्यांनी पक्कं दाखवलं, त्या म्हणजे निकोल ल दुआरँ. जन्म 1930, फ्रान्समधल्या ब्रिटनीत. आधी शाळेत शिकवायच्या, मग संशोधनाकडे वळल्या.

न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी 1868 मध्येच विल्हेल्म हिस यांना दिसल्या होत्या. गर्भात मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटत असताना तिच्या काठावरून या पेशी सुटतात आणि अंगभर पसरतात. (मध्ये एक नाव सांगायलाच हवं: ज्युलिया प्लॅट. डोक्यातली कूर्चा गर्भाच्या बाहेरच्या थरातून येते, असं या बाईंनी 1893 मध्ये लिहिलं होतं. तेव्हाच्या बहुतेक जाणकारांनी ते मानलं नाही. विद्यापीठात नोकरी मिळाली नाही, शेवटी त्या कॅलिफोर्नियातल्या एका गावाच्या महापौर झाल्या. त्यांच्यावर वेगळा एपिसोड करायचाय.)

अडचण अशी की या पेशी एकदा निघाल्या की बाकीच्या पेशींत मिसळून जातात. जत्रेत सगळ्यांनी एकाच रंगाचा सदरा घातलाय आणि तुम्हाला एकाच गावची माणसं शोधायचीत, तसं काहीसं. ल दुआरँ यकृत कसं बनतं याचा अभ्यास करत होत्या. त्यासाठी कोंबडीच्या गर्भातला एक थर आणि जपानी बटेराचा दुसरा थर त्यांनी एकत्र वाढवला. पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर बटेराच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात एक ठळक गडद ठिपका! कोंबडीच्या पेशीत तो नाही. 1969 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. हीच ती गावची खूण.

मग काम सुरू झालं. अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडायची, कोंबडीच्या गर्भातला क्रेस्टचा बारीकसा तुकडा काढायचा, तिथे बटेराचा बसवायचा, खिडकी बंद करून अंडं परत उबवायला. नंतर बघायचं, ठिपके पोचले कुठे? उत्तर थक्क करणारं होतं. जबड्याची हाडं, चेहऱ्याची हाडं, कूर्चा, डोक्यातल्या मज्जातंतूंच्या गाठी, सगळीकडे ठिपकेच ठिपके. चेहऱ्याचा सांगाडा जवळपास सगळाच या प्रवासी पेशींचा. 1975 मध्ये त्या पॅरिसजवळच्या नोझाँ-स्युर-मार्न इथल्या भ्रूणविज्ञान संस्थेच्या प्रमुख झाल्या, 1986 मध्ये क्योटो पुरस्कार मिळाला. त्यांच्याबरोबर काम करणारे जेरार कुली हे लहान मुलांच्या चेहऱ्यावर आणि जबड्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. मला हे फार आवडलं. सकाळी बाळाचा जबडा, दुपारी कोंबडीचा, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं!

या माहितीचा उपयोग? 'वंडर' सिनेमातला ऑगी आठवतोय? त्याला ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम आहे. गालाची हाडं, जबडा, कान नीट वाढत नाहीत. यात बहुतेकदा टीसीओएफ1 या जनुकात बिघाड असतो. पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोझोम कमी पडतात, आणि क्रेस्ट ज्यांतून तयार होणार त्या पेशी निघण्याआधीच मरतात. चेहऱ्याला मालच कमी पोचतो. अमेरिकेत पॉल ट्रेनर यांच्या गटानं 2008 मध्ये असाच बिघाड असलेल्या उंदरांत पी53 हे प्रथिन रोखलं. पेशींना मरायचा आदेश त्याच्याकडूनच मिळत होता. पेशी वाचल्या, आणि पिल्लांचे चेहरे नीट झाले. जनुकातला बिघाड मात्र तसाच!

मग हे औषध गरोदर बाईला का देत नाहीत? कारण पी53 हाच शरीराचा कॅन्सरविरुद्धचा पहारेकरी. त्याला झोपवणं फार महागात पडू शकतं. शिवाय क्रेस्ट पेशी निघतात चौथ्या आठवड्याच्या आसपास, तेव्हा बऱ्याच जणींना आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं.

दुभंगलेल्या ओठामागे मात्र बहुतेकदा एकच जनुक नसतं. अनेक जनुकं, आईचं धूम्रपान, फेफऱ्याची काही औषधं, असं बरंच काही असू शकतं, आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. शस्त्रक्रिया मात्र होते, ओठाची सहसा पहिल्या काही महिन्यांत, टाळूची वर्षाच्या आसपास. तोवर दूध पाजायचं कसं, हे डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्यावं. टाळू उघडी असेल तर बाळाला नीट ओढता येत नाही, आणि त्यासाठी वेगळ्या बाटल्या मिळतात.

प्रश्न असतील तर पाठवा. पुढच्या वेळी, ज्युलियाबाई.