जुना कॅमेरा, सेलेनियम आणि एक भिंत

तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका जुन्या बाजारात मला ऑलिम्पस ट्रिप ३५ हा कॅमेरा मिळाला. विक्रेत्याने भिंगावर हात ठेवून बटण दाबले. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि बटण अडले. मग कॅमेरा उन्हाकडे वळवून दाबले, तर शटर उडाले. ‘‘बघा सर, सेल जिवंत आहे,’’ तो म्हणाला. मला पटले. पुढच्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या शिपाईमामांचा निरोपसमारंभ होता, भर दुपारी मैदानात. सबंध रोल त्यावर खर्च केला. धुऊन आलेली फिल्म जवळजवळ काळी होती आणि प्रिंटवर मामांच्या चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग. समारंभ काही पुन्हा होणार नव्हता.

विक्रेता खोटे बोलला नव्हता. सेल जिवंत होता, पण अशक्त होता. आणि बाजारात सर्रास केली जाणारी ही चाचणी अशक्त सेल ओळखूच शकत नाही. का, ते समजण्यासाठी या कॅमेऱ्याच्या पोटात थोडे डोकवावे लागेल.

१९६७ ते १९८४ या काळात निघालेल्या या छोट्या कॅमेऱ्यात बॅटरी नाही. भिंगाभोवती बारीक फुगवट्यांचे प्लॅस्टिकचे कडे दिसते, त्यामागे सेलेनियमचा सेल असतो. विलोबी स्मिथ यांनी समुद्रातल्या तारा तपासताना सेलेनियमच्या कांड्या वापरल्या, तेव्हा उजेडात त्यांचा रोध कमी होतो हे त्यांना दिसले. ते साल १८७३. तीन वर्षांनी ॲडम्स आणि डे यांनी दाखवले, की उजेड पडला की सेलेनियममध्ये चक्क विद्युत्प्रवाह निर्माण होतो. छपरावरच्या आजच्या सौर पॅनेलचा हा पूर्वज.

सेलचा प्रवाह एका नाजूक गॅल्व्हानोमीटरची सुई फिरवतो. आपल्या प्रयोगशाळेतल्याच यंत्राचा हा धाकटा भाऊ. बटण दाबायला लागले की सुई जिथे असेल तिथेच चिमटीत पकडली जाते आणि तिच्या जागेवरून भिंगामागचे छिद्र किती उघडायचे ते ठरते. शटरला वेग दोनच : सेकंदाचा चाळिसावा भाग आणि दोनशेवा भाग. छिद्र पूर्ण उघडून (एफ-२.८) आणि शटर चाळिसाव्या भागावर ठेवूनही उजेड पुरणार नसेल, तर लाल पट्टी वर येते.

आता हिशेब करू. १०० वेगाच्या फिल्मला स्वच्छ उन्हात एफ-१६ आणि सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा. एफ-१६ च्या तुलनेत एफ-२.८ मधून (१६ ÷ २.८)², म्हणजे सुमारे ३३ पट प्रकाश येतो. चाळिसावा भाग हा शंभराव्या भागाच्या अडीच पट. गुणाकार ऐंशीच्या वर जातो! म्हणजे सेलची ताकद विसाव्या हिश्शावर आली असली, तरी उन्हात लाल पट्टी येणार नाही. फक्त सुईला वाटेल, की बाहेर ढगाळ संध्याकाळ आहे. ती छिद्र मोठे उघडेल आणि फिल्म जळेल.

म्हणून परीक्षा उन्हात नव्हे, पट्टी येते त्या सीमेवरच घ्यायची. एखादी साधी, एकरंगी भिंत निवडा. फिल्मवेगाचे कडे १०० वर आणि छिद्राचे कडे ‘ए’ वर ठेवा. खोलीचे पडदे थोडेथोडे ओढत जा आणि दर वेळी भिंतीकडे रोखून बटण दाबा. पट्टी पहिल्यांदा येईल तिथे थांबा. आता मोबाइलवरच्या प्रकाशमापकाने त्याच भिंतीचे मोजमाप घ्या, तोही १०० वरच. सेल धडधाकट असेल तर एफ-२.८ आणि चाळिसावा भाग याच्या आसपास उत्तर यावे. चाळिसाव्या भागाला एफ-५.६ आले, तर सेल चौथ्या हिश्शावर आलेला आहे. तरीही कॅमेरा सोडून देऊ नका. फिल्म १०० ची घालून कडे ४०० वर ठेवले, की भरपाई होते.

मुलांना सोबत घेऊन आणखी एक गंमत करता येते. अंधाऱ्या खोलीत उघडा बल्ब लावा आणि कॅमेरा त्याच्याकडे रोखून मागे सरकत जा. समजा, १०० वर पट्टी दीड मीटरवर आली. ४०० वर ती कुठे यावी? चौपट नव्हे, दुप्पट अंतरावर, तीन मीटरच्या सुमारास. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, हे मुले फळ्यावरून शिकतात, इथे ते एक सुई सांगते. आकडा फारच वेगळा आला तर सुई अडकत असावी. (सेल सरसकट अशक्त असेल तर मात्र गुणोत्तर बरोबरच येते, म्हणून भिंतीची चाचणी टाळू नका.)

बाकी तपासणी सोपी आहे. भिंगात समोरून पाहत बटण अर्धे दाबा. उजेड बदलला की छिद्राचा आकार बदलला पाहिजे. जुन्या तेलाने पाती चिकटलेली असतात. छिद्राचे कडे ‘ए’ वरून एफ-२.८ वर नेले की शटर चाळिसाव्या भागावर चालते. मागचे झाकण उघडून, खिडकीकडे तोंड करून मोबाइलने सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ काढला, तर उजेड साधारण सहा चित्रांत दिसावा. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बहुधा चिकट डांबर झालेला असतो. तो स्पिरिटने पुसून तिथे काळी लोकर बसवली तरी चालते. भिंगावर टॉर्च तिरका धरून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का पाहा. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कपाटात बंद राहिलेल्या भिंगांना ही बुरशी हटकून लागते आणि ती काच खाते. तंतू दिसले तर मी तरी कॅमेरा परत ठेवतो.

माझ्या कॅमेऱ्याचे काय? भिंतीसमोर मोबाइलने चाळिसाव्या भागाला एफ-११ दाखवले, म्हणजे सेल सोळाव्या हिश्शावर. कड्यावरचा सर्वांत मोठा आकडा ४००, त्यामुळे १०० च्या फिल्मला भरपाई शक्य नव्हती. पण छिद्राचे कडे ‘ए’ वरून आकड्यांवर नेले, की लाल पट्टी अडवत नाही. चाळिसावा भाग आणि एफ-२२ हे १०० वेगाच्या फिल्मला स्वच्छ उन्हात जवळजवळ नेमके बसते. गेल्या मार्चमध्ये मामांना मुद्दाम शाळेत बोलावले, त्याच मैदानात घंटेपाशी उभे केले, कडे २२ वर फिरवले आणि श्वास रोखून बटण दाबले. या वेळी चेहरा आला, कपाळावरच्या आठ्यांसकट.