पंधरा दिवसांचे पाहुणे

उन्हाळ्याची सुट्टी आणि मामाचा गाव यांची आपल्याकडे अशी काही सांगड पडून गेली आहे की, एकाचे नाव निघाले म्हणजे दुसरे आपोआप ओठांवर येते. आंब्याची अढी, विहिरीतले पोहणे, रात्री अंगणात टाकलेली अंथरुणे, या गोष्टी मुलांना कोणी शिकवीत नाही. गावी गेले म्हणजे त्या मिळतात. परंतु या सुखाला एक अट आहे. मामाला गाव असावा लागतो. ज्या मुलाचे आजोळही त्याच शहरात, पलीकडच्या गल्लीतल्या एका खोलीत आहे, त्याने सुट्टीत जावे कोठे?

हा प्रश्न अमेरिकेत एका खेड्यातील धर्मोपदेशकाला पडला आणि त्याने त्याचे एक साधे उत्तर काढले. पेनसिल्व्हेनिया राज्यात शर्मन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील प्रार्थनामंदिराचे रेव्हरंड विलर्ड पार्सन्स यांनी १८७७ च्या उन्हाळ्यात आपल्या गावकऱ्यांना विनंती केली की, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील मुलांना थोडे दिवस आपल्या घरी पाहुणे म्हणून ठेवून घ्या. गावकरी शेतकरी होते, श्रीमंत नव्हते. पण घरात दूध होते, अंगण होते आणि ताटात आणखी एका मुलापुरते अन्न होते. त्या पहिल्या उन्हाळ्यात साठ मुलांची सोय झाली. त्यातूनच पुढे ‘फ्रेश एअर फंड’, म्हणजे मोकळ्या हवेचा निधी, ही संस्था उभी राहिली.

मोकळ्या हवेवर एवढा भर का, हे समजण्यासाठी त्या काळचे न्यूयॉर्क डोळ्यांपुढे आणले पाहिजे. युरोपातून येणाऱ्या गरीब कुटुंबांसाठी तेथे दाटीवाटीने भाड्याच्या इमारती उठल्या होत्या. आपल्याकडील गिरणगावच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्यांची कल्पना सहज येईल. मात्र चाळीला निदान समोरची गॅलरी असते. तेथील कित्येक आतल्या खोल्यांना खिडकीच नव्हती. उन्हाळ्यात दूध नासे, हगवणीची साथ येई आणि तान्ही मुले दगावत. जेकब रीस या पत्रकाराने १८९० साली या वस्त्यांवर पुस्तक लिहून आणि तेथील छायाचित्रे लोकांपुढे मांडून सुखवस्तू न्यूयॉर्ककरांना आपल्याच शहराची ओळख करून दिली.

एका गावाची ही गोष्ट मोठी झाली ती वृत्तपत्रांमुळे. १८८० नंतरच्या दशकात ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ने हे कार्य उचलून धरले. वाचकांनी पैसे पाठवावेत, रेल्वे कंपन्यांनी भाड्यात सवलत द्यावी, निघण्यापूर्वी मुलांची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि गावोगावच्या समित्यांनी घरे शोधून ठेवावीत, अशी व्यवस्था बसत गेली. ट्रिब्यूनचा वारसा चालविणारे पत्र १९६६ साली बंद पडले. तेव्हापासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आवाहनाचा भार घेतला. आरंभापासून आजवर अठरा लाखांहून अधिक मुलांना या निधीचा लाभ झाल्याचे संस्था सांगते. यांत संस्थेच्या स्वतःच्या छावण्यांत राहिलेली मुलेही आली. पाहुणचार करणाऱ्या कुटुंबाला मोबदला मिळत नाही आणि मुलाच्या आईबापांकडून पैसे घेतले जात नाहीत. मुक्काम साधारण एक-दोन आठवड्यांचा असतो.

याच सुमारास युरोपातही असे प्रयत्न चालू होते. झुरिकचे पाद्री वाल्टर बिऑन यांनी १८७६ साली शहरातील अडुसष्ट मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली आपेनझेलच्या डोंगराळ भागात नेली. लंडनमध्ये सॅम्युएल व हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याच्या पुढाकाराने १८८४ साली गरीब मुलांना खेड्यात पाठविणारा निधी स्थापन झाला. यांत दोन पद्धती दिसतात. छावणीत मूल आपल्या बरोबरीच्या मुलांत राहते. तेथे सगळेच सारखे. घरी ठेवण्याची पद्धत स्वस्त आणि जिव्हाळ्याची खरी, पण अवघडही. कारण येथे एक मूल एकटेच परक्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकते. जेवताना काय बोलायचे, रात्री अंधाराची भीती वाटली तर कोणाला उठवायचे, हे सर्व त्याला दुसऱ्याच्या मर्जीने शिकावे लागते.

या अवघड बाजूचा विचार करण्यास आपल्याजवळ स्वतःचा अनुभव आहे. वार लावून जेवणे ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवून कित्येक गरीब विद्यार्थ्यांनी विद्या संपादन केली. त्या घरांचे ऋण मोठे आहे. परंतु कोणाच्या घरी त्या मुलाला घरच्या मुलांच्या पंगतीत पाट मिळे, तर कोणाच्या घरी सर्वांचे आटोपल्यावर हाक येई. अन्न दोन्ही ठिकाणी तेच. पण एका घरातून मूल तृप्त होऊन उठे आणि दुसऱ्या घरातून मिंधे होऊन. शिवाय ही रीत बहुधा जातीच्या कुंपणाच्या आतच चालली, हेही विसरून चालणार नाही.

अमेरिकेतील कुंपण वर्णाचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतून येणाऱ्या मुलांत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोची मुले वाढत गेली. यजमान घरे मात्र बहुतेक गोऱ्यांची राहिली. टोबिन मिलर शिअरर या इतिहासकारांनी अशा कार्यक्रमांवर २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात यजमानांच्या औदार्याबरोबर त्याच्या मर्यादाही तपासल्या आहेत. लहान मूल सर्वांना हवे असे. तेच मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की दार हळूच लोटले जाई. खेडे म्हणजे सद्गुण आणि शहर म्हणजे दुर्गुण, असा सूर लावला जाई. तो लावताना आपण त्या मुलाच्या आईच्या घरालाच नावे ठेवीत आहोत, हे ध्यानी येत नसे. शहरातील मूल खेड्यात जाई, पण खेड्यातील मूल त्याच्या घरी राहायला गेल्याचे उदाहरण विरळा.

मग हा खटाटोप व्यर्थ ठरतो काय? तसे म्हणता येणार नाही. अनेक मुलांना वर्षानुवर्षे त्याच घरचे बोलावणे आले आणि त्यातून आयुष्यभराची नाती जुळली. पंधरा दिवस पोटभर खेळणे हीदेखील बालपणात लहान गोष्ट नव्हे. पण तेवढ्याने शहराची हवा बदलत नाही. न्यूयॉर्कच्या तान्ह्या मुलांना जगविण्यास ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्या निराळ्या होत्या. नेथन स्ट्रॉस यांनी १८९३ पासून निर्जंतुक दुधाची केंद्रे उघडली आणि १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींतील प्रत्येक खोलीला उजेड व वारा सक्तीचा केला. पाहुणचार पंधरा दिवसांचा असतो. उरलेले साडेअकरा महिने नगरपालिकेचे असतात.

आपल्या शहरांतही आज वस्त्या दाट आहेत आणि गावांकडे जाणारी नाती विरळ होत चालली आहेत. तेव्हा असा उपक्रम आपल्याकडे कोणी हाती घेतला तर तो स्वागतार्हच ठरेल. मात्र मूल घरी आणण्यापूर्वी यजमानाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. या मुलाच्या आईबापांना मी भेटलो आहे काय? ते आपल्या घराविषयी बोलू लागले की मी ऐकतो, की कीव करतो? पुढच्या वर्षी हेच मूल, थोडे मोठे आणि थोडे हट्टी झालेले, मला चालेल काय? आणि त्याच्या आईने उलट बोलावणे धाडले, तर मी माझ्या मुलाला दोन दिवस त्यांच्या खोलीत राहायला पाठवीन काय?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. त्याला मनापासून होकार देता आला, तर येणारे मूल पाहुणे आहे. नाही देता आला, तर ते आश्रित आहे. आणि हा भेद आपण कितीही झाकला, तरी मुलाला तो पहिल्याच जेवणाला कळतो.