ताडोबात वाघ आधी कानांना दिसतो

चंद्रपूरहून मोहर्ली गाठले, की ताडोबा राष्ट्रीय उद्यानाची वाट सुरू होते. १९५५ मध्ये घोषित झालेले हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. साग आणि बांबूच्या दाटीतून रस्ता ताडोबा तलावाकडे जातो. कडेचे दगडी खांब गोंड राजवटीतील असल्याचे सांगितले जाते.

पर्यटकांचे डोळे झुडपांत वाघ शोधत असतात. मार्गदर्शक मात्र मध्येच जिप्सीचे इंजिन बंद करायला लावतो. वाघाची पहिली वर्दी आवाजातून मिळते. येथील भाषेत तो 'कॉल'. वानर झाडावरून वाघाला हेरते आणि खोकल्यासारखा आवाज काढते. चितळ बिचारे पान हलले तरी ओरडते, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबता येत नाही. सांबराने खणखणीत हाक दिली, की मात्र वाघ किंवा बिबट्या जवळपास असल्याची जवळजवळ खात्रीच. अशा वेळी गाडी दामटण्यापेक्षा जागीच थांबावे. हाकांची दिशा सरकू लागली, की वाघाची चाल कळते.

हा संयम सुटला, तर काय होते, हे विदर्भातल्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. तेथे वाघीण व तिच्या पिल्लांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

ताडोबाच्या गाभा क्षेत्रातील सफारी मंगळवारी बंद असते.