साहेब दिसत नाही, म्हणून तो नाही असं नाही

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. याच जिल्ह्यातली काही पोरं आता कोयता न घेता पुण्याला जातात आणि पाठीला डिलिव्हरीची बॅग लावतात. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: इथं डोक्यावर साहेब नाही, वाटलं तर ॲप चालू, वाटलं तर बंद.

हा सगळ्यात मोठा गैरसमज. ऑर्डर कुणाला द्यायची, किती पैसे द्यायचे आणि किती मिनिटांत पोचायचं, हे कंपनीचं ॲप ठरवतं. रस्त्यावरची प्रत्येक हालचाल त्याला दिसते. इन्सेंटिव्ह हवा तर ठरलेले तास लॉगिन राहावं लागतं. रेटिंग घसरलं की धास्ती, आणि आयडी ब्लॉक झाला की त्या दिवसापासून कमाई बंद. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांबाबत निकाल देताना याच गोष्टी मोजल्या. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी लिहिते, नकार दिलेल्या फेऱ्यांवर आणि रेटिंगवर नजर ठेवते; मग चालक स्वतंत्र धंदेवाईक कसा? त्या चालकांना किमान वेतनाचा आणि पगारी सुट्टीचा हक्क मिळाला.

असं काम नवीन आहे, हेही खरं नाही. परभणीला ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, टनावर मजुरी, आणि एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड. त्या खाड्याच्या भीतीने बायका दुखणी अंगावर काढतात. मजूर कुणाचे असं विचारलं तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. ही व्यवस्था क्रूर आहे, तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण मुकादमाला चेहरा असतो, टोळी एका फडात असते, संघटना कोयता बंद ठेवू शकते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले ते मजुरांच्या संघटना आणि कारखान्यांचा साखर संघ समोरासमोर बसल्यामुळे. ॲपवरचा दर बदलला तर एकट्या पोराने जाब कुणाला विचारायचा?

पैसे बरे मिळाले की माणूस समाधानी, असंही धरून चाललं जातं. रॉबर्ट कारासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलं की कामाचं ओझं जास्त आणि निर्णयाचा हक्क कमी, अशा जागी ताण सर्वाधिक असतो. हक्क असेल तर तितकंच ओझं पेलवतं. ॲपवरच्या कामात हक्काचा तुकडा आहे, तो नाकारू नये. पेरणीला गावी जायला रजेचा अर्ज करावा लागत नाही, आणि शेतकऱ्याच्या पोराला याची किंमत मोठी वाटते. आग्नेय आशिया आणि आफ्रिकेतल्या ऑनलाइन कामगारांवरचा २०१९ चा एक अभ्यासही दुहेरीच चित्र दाखवतो: कामातली मोकळीक खरी, आणि तिच्या जोडीला एकटेपणा, अपरात्रीचं काम, थकवाही खरा.

राहिला कायदा. अशा कामगारांना गिग कामगार म्हणतात; ‘गिग कामगारांसाठी काहीच नाही’ हे आता जुनं झालं. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आहे आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या निधीत भरायची आहे. मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच. ई-श्रम पोर्टलवर नोंदणीही करता येते. पण यातून विमा, पेन्शन, अपघाताची मदत अशी सुरक्षा येते. ॲपच्या मनमानीला त्याने लगाम बसत नाही. त्या बाबतीत कर्नाटकचा २०२५ चा कायदा पुढे आहे. कामावरून काढायचं तर साधारणपणे लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि स्वयंचलित यंत्रणा कामावर कसा परिणाम करते हेही सांगावं लागतं. दुचाकीचा हप्ता भरणाऱ्या पोरासाठी विम्याइतकंच हे कलम मोलाचं आहे, आणि महाराष्ट्राने ते आधी घ्यावं.